कोंडाण्याचा उतार शरदात मोजा

फेब्रुवारीत कोंडाण्याच्या डोंगराकडे पाहिलं तर कुणालाही वाटेल, इथे वाचवण्यासारखं आहे तरी काय? गवत वाळून करडं झालेलं, कारवीच्या नुसत्या काड्या उभ्या, मधूनमधून वणव्याने काळे पडलेले पट्टे आणि खाली उल्हास नदीचं पाणी डबक्याडबक्यांत उरलेलं. मोजमाप करणारी माणसं येतात ती नेमकी याच दिवसांत. जमिनीचे दलाल गिऱ्हाइकाला घेऊन येतात ते याच दिवसांत, कारण तेव्हा गाडी वरपर्यंत जाते. सर्वेक्षण करणारे येतात, आराखडे करणारे येतात. उजाड माळ, झुडपं, थोडंफार झाड, असं लिहून घेतात आणि जातात. पुढचे सगळे निर्णय त्या चार ओळींवर होतात.

तोच उतार भाद्रपद ते कार्तिक या काळात पाहिलेला माणूस असं लिहूच शकणार नाही. म्हणून हे आवाहन आहे. कर्जत-खालापूरमध्ये राहणाऱ्यांना, रविवारी लोकल पकडून इथे येणाऱ्या मुंबई-ठाण्याच्या मंडळींना, इथे घर बांधलेल्यांना आणि सरकारी कचेऱ्यांत बसलेल्यांनाही. कोंडाण्याचा उतार शरद ऋतूत पाहा, शरदात मोजा, त्याची नोंद कागदावर आणा. जे कागदावर नाही ते आपल्याकडे वाचत नाही.

राजमाचीच्या श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी, कोंडिवड्याच्या पुढे, घाटाच्या कुशीत कोंडाणे आहे. कर्जत तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या पावसाने उताराला जे दिलेलं असतं ते फुलून, फळून, बी होऊन जमिनीत परत जातं ते पाऊस ओसरल्यावरच्या दोन-अडीच महिन्यांत. बाकीचं वर्ष तो डोंगर त्या बियांवर आणि कंदांवर काढतो.

तेरड्याचंच पाहा. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपण सहज म्हणून जातो. कोकणात गौर आणतात तीही तेरड्याची, मुळासकट उपटून वाजतगाजत घरात घेतलेली. पण भाद्रपद संपता संपता त्याच झाडाकडे जरा वाकून पाहिलं तर फुलाच्या जागी हिरवी, लवदार, फुगीर शेंग लोंबताना दिसते. पिकलेल्या शेंगेला बोट लावलं की ती फटकन फुटते, तिच्या पाकळ्या आतल्या बाजूला गुंडाळल्या जातात आणि बारीक काळपट बिया हातभर अंतरावर उडतात. तेरडा वर्षभराचंच झाड, त्यामुळे पुढच्या श्रावणातलं सगळं त्या एका क्षणावर अवलंबून. शेंग पिकण्याआधी उतार तुडवला, यंत्राने कापला, तणनाशक मारलं, तर पुढच्या वर्षी त्या जागी तेरडा येत नाही. त्याला तीन दिवसांचा रंग म्हणणाऱ्या आपण त्याला बी धरायला तीन आठवडे द्यायला काय हरकत आहे?

तेरड्यामागोमाग सोनकी येते आणि अख्खा उतार पिवळा करून टाकते. ओल्या जागी कवळा, पाझरत्या कातळावर सीतेची आसवं, बांधाकडेला कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे, कुंपणावर कळलावीच्या लाल-पिवळ्या ज्वाळा, झाडीच्या कडेला रानभेंडीची मोठी पिवळी फुलं आणि सावलीत पेव. मुरुडशेंग तर प्रत्येक मराठी घरात माहीत आहे, बाळगुटीच्या सहाणेवर हळकुंड-वेखंडाशेजारी उगाळली जाते ती हीच, पिळाची. तिचं फूल मात्र किती जणांनी पाहिलंय? उमलतं ते विटकरी लाल, आणि शिळं होता होता निळसर राखी होत जातं. एकाच फांदीवर दोन्ही रंगांची फुलं असतात आणि त्यांच्यावर सूर्यपक्षी चोच खुपसत फिरत असतात. सातभाईंची टोळीही तिथेच कलकलाट करत असते.

कारवी यापेक्षा वेगळ्या हिशेबाने जगते. सात-आठ वर्षं नुसती पानं आणि काड्या, मग एका पावसाळ्याच्या शेवटी सगळ्या उतारावर एकदम जांभळी फुलं, मग बी, आणि मग ते सगळं झुडूप मरतं. ठाकर आणि कातकरी वाड्यांवर घरांच्या कुडाच्या भिंती पिढ्यान् पिढ्या कारवीच्या काड्यांच्या. त्यासाठी कारवी तोडली म्हणून डोंगर कधी बोडका झाला नाही, कारण तोडणाऱ्याला माहीत असायचं कुठली तोडायची आणि कधी. फुलोऱ्याच्या वर्षी लागलेला एक वणवा मात्र सात-आठ वर्षांची साठवण संपवू शकतो.

या झाडांपैकी एकाचीही गणना होत नाही. आपले वृक्षतोडीचे कायदे झाडाच्या खोडापासून सुरू होतात. साग मोजतात, ऐन मोजतात, आंबा-फणसाची नुकसानभरपाई असते. गवत, वेली, कंद, फुलझाडं यांना खोड नसतं, म्हणून त्यांचा पंचनामाही नसतो. कोंडाण्याच्या लेण्यांतला चैत्य हे या विसंगतीचं सर्वांत ठळक ठिकाण आहे. ही लेणी साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची, आणि चैत्यगृहाच्या दर्शनी बाजूला ब्राह्मी अक्षरांत कोरून ठेवलंय की कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे, भोवतीच्या शंभर मीटरांत बांधकामाला बंदी आहे, त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगी लागते. हे योग्यच आहे. पण त्या दगडाच्या पायाशी दरवर्षी उगवणारं जे बलकाच्या काळाच्याही आधीपासून उगवत आलंय, त्याच्यासाठी एका ओळीचाही नियम नाही.

पाखरांचं वेळापत्रकही याच काळाला बांधलेलं आहे. सप्टेंबरात ओढ्याच्या दगडावर करडा धोबी येऊन बसतो. पोट पिवळं, पाठ राखाडी, शेपटी सारखी वरखाली. हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून तो येतो आणि ओढा वाहता असेल तोवर त्याला सोडत नाही. दसऱ्याच्या सुमाराला तारेवर नीलपंख दिसू लागतो. दसऱ्याला चाष दिसणं शुभ मानणारी आपली माणसं पाखरांच्या येण्याजाण्याची तारीख किती नेमकी ओळखून होती, हे त्यावरून कळतं. भात पिवळं पडतं तशा मनोल्यांच्या झुंडी शेतातून गवतात आणि गवतातून शेतात ये-जा करू लागतात. गवताचं बी हाच त्यांचा दाणा. भिंगऱ्या येतात, वटवटे येतात, लहानसे माशीमार येतात. त्यांतल्या बहुतेकांचं पोट किड्यांवर, आणि किडे फुलांवर नि पानांवर.

सलीम अलींनी सुगरणीच्या घरट्यांचा प्रसिद्ध अभ्यास केला तो 1930 मध्ये, आपल्याच जिल्ह्यातल्या किहीमला बसून. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडलं तर नर ते पुरं करून लगेच दुसरं विणायला घेतो, हे जगाला तेव्हा नीट कळलं. तो अभ्यास कुठल्या अभयारण्यात झाला नाही. गावाजवळच्या साध्या झाडावर, साध्या गवताच्या धाग्यांनी विणलेल्या घरट्यांकडे पाहून झाला. रायगडच्या साध्या जागा किती देऊ शकतात, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

नोव्हेंबरात तर घाटमाथ्यावर फार मोठी गोष्ट घडते. अमूर ससाणे सैबेरिया आणि उत्तर चीनकडून निघून नागालँडमार्गे दक्षिण आफ्रिकेकडे जाताना लोणावळ्याच्या परिसरात दिसतात, म्हणजे कोंडाण्याच्या अगदी डोक्यावर. पुढे त्यांना अरबी समुद्र न थांबता ओलांडायचा असतो. त्याच सुमाराला पॅंटाला फ्लेव्हेसेन्स हे शास्त्रीय नाव असलेले पिवळसर चतुरही लाखोंनी समुद्रावरून आफ्रिकेकडे निघतात. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी 2009 मध्ये हा प्रवास मांडला आणि चतुरांच्या मागोमाग त्यांना खाणारी पाखरंही जातात याकडे लक्ष वेधलं. हे चतुर वाढतात पावसाने साचलेल्या उथळ पाण्यात. आपल्या सड्यावरच्या, खाचरातल्या, कातळावरच्या डबक्यांचं नातं असं थेट आफ्रिकेपर्यंत जातं. डबकी बुजवून तिथे पार्किंग करताना याचा विचार कुणी करायचा?

याच ससाण्यांच्या बाबतीत नागालँडमध्ये काय झालं ते इथल्या प्रत्येक ग्रामसभेत सांगायला हवं. 2012 मध्ये दोयांग जलाशयाजवळ जाळी लावून हे पक्षी हजारोंनी मारले जात असल्याचं उघड झालं, जगभर नाचक्की झाली. पांगती आणि आजूबाजूच्या गावांनी स्वतः ठरवलं की आता मारायचं नाही, आणि 2013 च्या हंगामात शिकार झाली नाही. बाहेरून फौज आणावी लागली नाही. गावाने ठराव केला आणि पाळला, तोही एका वर्षात.

आता कोंडाण्यावर कशाकशाचं सावट आहे ते स्पष्ट बोलू.

पहिलं धरणाचं. उल्हासवरच्या कोंढाणे धरणाचं नाव महाराष्ट्राला कळलं ते सिंचन घोटाळ्यामुळे. शंभर कोटींच्या आतला प्रकल्प धरणाची उंची वाढवून सहाशे कोटींपलीकडे गेला, चौकशी झाली, 2016 मध्ये आरोपपत्र दाखल झालं. 2017 मध्ये सरकारने हाच प्रकल्प पनवेलकडच्या नैना या नियोजित शहरी क्षेत्राच्या पाण्यासाठी सिडकोकडे सोपवला. पैशांच्या हिशेबाची चर्चा खूप झाली आणि व्हायलाच हवी होती. पण पाण्याखाली नेमकं काय जाणार, याची यादी त्या गदारोळात मागे पडली. पनवेलकडच्या नव्या वस्त्यांना पाणी लागणार, हे मी नाकारत नाही. इथल्या वाड्यांवरच्या बायकाही एप्रिल-मेमध्ये हंडे घेऊन वणवण फिरतात, त्यांचा हक्क तर सगळ्यांत आधी. माझं म्हणणं इतकंच आहे की दरीचा तळ बुडवायचा की नाही हे ठरवण्याआधी त्या तळाची मोजणी शरदात झाली पाहिजे. आपल्याकडे पर्यावरणाच्या अहवालांसाठी पुष्कळदा पावसाळा वगळून एखाद्या हंगामातली माहिती गोळा करतात. कोंडाण्यासाठी तसं चालणार नाही. भाद्रपद-आश्विनात कुणी फिरलंच नसेल तर अहवालात तेरडा, कवळा, कळलावी येणारच नाहीत, आणि जे अहवालात नाही त्याची भरपाई कसली नि बचाव कसला! जनसुनावणी झाली तर हा एक मुद्दा प्रत्येकाने लेखी द्यावा.

दुसरं प्लॉटिंगचं. पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्ग उभा राहतो आहे, आणि लोकल आली की जमिनीला भाव येतो. डोंगराची कड खणून सपाटी करायची, लाल मातीचा रस्ता काढायचा, कुंपण घालायचं आणि आत परदेशी गवताची हिरवळ लावायची, ही पद्धत इथे रुळली आहे. 19 जुलै 2023 च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि अख्खी वाडी मातीखाली गेली. त्या दरडीचं कारण अमुकच, असा दावा मी इथे करत नाही. पण त्या रात्रीनंतर तरी आपल्या दोन तालुक्यांत उताराच्या मातीशी खेळताना हात थरथरायला हवा होता. तो थरथरलेला दिसत नाही.

फार्महाऊसवाल्यांना माझी थेट विनंती आहे. आपण इथे आलात ते डोंगराच्या ओढीने, तेव्हा त्याचा एक पट्टा आपल्या आवारातही राहू द्या. कुंपणाच्या आतल्या बाजूने दोन-तीन मीटरांत जे आपोआप उगवतं ते मार्गशीर्ष लागेपर्यंत कापू नका, तिथे तणनाशक मारू नका. माळ्याला तसं सांगून ठेवा, नाहीतर तो बिचारा गणपतीनंतर लगेच यंत्र घेऊन सगळं साफ करतो आणि बक्षिसाची वाट पाहतो. रात्रभर डोंगराकडे रोखलेले दिवेही बंद ठेवा. स्थलांतर करणारी पुष्कळ पाखरं रात्रीच उडतात.

तिसरा वणवा. गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं फुटतं, ही समजूत अजून गेलेली नाही. त्यात विडी-सिगारेट, शेकोट्या आणि निव्वळ खोडसाळपणा. वणव्यात वरचं गवत जळतं, तसं मातीवर पडलेलं बीही जळतं, आणि लाव्हे, रातवे, टिटव्या अशा जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांची वीणही. यावरचा उपाय जुना आणि खात्रीचा आहे, जाळरेषा. दिवाळीनंतर, बी झडून गेल्यावर, वाड्या आणि वाटांच्या कडेने गवताचा पट्टा कापून साफ करायचा, म्हणजे आग पलीकडे जात नाही. हे काम वन विभागाने वाड्यांवरच्या तरुणांना वेळेवर मजुरी देऊन करून घ्यावं. मजुरी चार महिने थकली की पुढच्या वर्षी कोण येणार? डोंगर ज्यांना पाठ आहे त्यांनाच राखणीचं काम आणि त्याचे पैसे मिळाले पाहिजेत, यात मला कसलाही आडपडदा ठेवायचा नाही.

आणि चौथी गर्दी, म्हणजे आपण. मुंबई, ठाणे, कल्याण, बदलापूर, पनवेल या सगळ्यांसाठी कोंडाणे म्हणजे खरं तर उद्यान झालंय, फक्त त्याला माळी नाही, फाटक नाही आणि बंद होण्याची वेळ नाही. गर्दीला माझा विरोध नाही. शहरातल्या पोराने सीतेची आसवं कुठे पाहायची, मोबाइलवर? यावं त्याने. पण वाटेवरून चालावं. पायवाटेला फाटा देऊन फुलांत उतरणाऱ्या एकामागे दहा जण उतरतात आणि आठवड्याभरात तिथे नवी वाट पडते. कास पठाराने यावर मार्ग काढलाय. कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या समित्या हंगामात व्यवस्था बघतात, प्रवेश शुल्क घेतात, दिवसाला तीन हजारांची मर्यादा ठेवलेली आहे, गावातल्या पोरांना काम मिळतं. कासमध्येही चुका झाल्या, कुंपणाच्या जाळीवरून वाद झाले. पण गावाच्या हातात व्यवस्था देता येते हे तिथे सिद्ध झालंय. कोंडिवडे-कोंडाण्यालाही ते जमेल. सुरुवात म्हणून कोंडिवड्यातच गाड्या थांबवाव्यात, पुढे पायी जावं, आणि सोबत गावातली वाटाड्या मुलगी किंवा मुलगा पैसे देऊन घ्यावा.

आता काय करायचं ते. जैवविविधता कायदा 2002 प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. राष्ट्रीय हरित लवादाने या नोंदवह्यांसाठी 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली, तेव्हा राज्यभर घाईने पानं भरली गेली. आपल्या पंचायतीची नोंदवही मागा, उघडा आणि तपासा. त्यात तेरडा आहे का, कळलावी आहे का, करडा धोबी आहे का? नसेल तर भरा. नोंदवही एकदा लिहून कुलपात ठेवायची नसते, तिच्यात भर घालता येते.

यासाठी तारखा जणू तयारच आहेत. 2 ते 8 ऑक्टोबर वन्यजीव सप्ताह. 5 ते 12 नोव्हेंबर आपल्या राज्याचा पक्षी सप्ताह, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. पहिल्या सप्ताहाच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या शेवटापर्यंतचे चाळीसेक दिवस म्हणजे कोंडाण्याचा शरद. कर्जत-खालापूरच्या शाळा-कॉलेजांतल्या शिक्षकांनो, या दिवसांत एक तरी वर्ग इथे आणा. मुलांच्या हातात वही द्या, फूल तोडायचं नाही हे आधी सांगा, आणि वाडीवरच्या एखाद्या आजीबाईंना मानाने पुढे चालवा. कुठला कंद कडू, कुठली भाजी कधीपर्यंत खायची, कुठल्या पाखराने कुठे घरटं केलंय, हे त्या चालता चालता सांगतील. त्यांचं नाव त्या नोंदीपुढे लिहा, त्यांना विचारूनच लिहा. निसर्गात फिरणाऱ्या मुंबई-पुण्याच्या मंडळींनी फोटो तारीख आणि ठिकाणासह पंचायतीकडे द्यावेत. तुमच्या मोबाइलमध्ये पडून असलेल्या फोटोंचा कोंडाण्याला उपयोग नाही.

याच्याही पुढचं एक पाऊल आहे. जैवविविधता कायद्याच्याच 37 व्या कलमाने राज्य सरकार स्थानिक संस्थांशी बोलून एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करू शकतं. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळची जेमतेम दोन हेक्टर जागा 2021 मध्ये अशी जाहीर झाली, एका लहानशा माशासाठी. लेण्यांपासून वरच्या वाटेपर्यंतचा कोंडाण्याचा उतार त्यासाठी का मागू नये? तिथे राहणाऱ्यांचे वनहक्क शाबूत ठेवून, त्यांच्याच सभेने मागितलेला.

2 ऑक्टोबरला ग्रामसभा असते. तिच्यासाठी दोन ठराव तयार ठेवा. नोंदवहीत शरदातल्या नोंदी घेण्याचा एक, आणि या उतारावर होणाऱ्या कुठल्याही प्रकल्पाची पाहणी भाद्रपद ते कार्तिक या काळात झाल्याशिवाय गाव ती ग्राह्य धरणार नाही, असा दुसरा. सभेला वाड्यांवरच्या बायका आल्या पाहिजेत, भातकापणी तोंडावर असली तरी. त्यासाठी सभा दुपारी उशिरा ठेवा. ठराव इतिवृत्तात उतरलाय ना, ते तिथल्या तिथे वाचून घ्या, सह्या घ्या. मग त्याची एकेक प्रत तहसीलदार, वनक्षेत्रपाल, सिडको आणि नागपूरचं राज्य जैवविविधता मंडळ यांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, आणि पोचपावत्या नोंदवहीतच चिकटवून ठेवा.